बंदरफेरी, वाल्पाराइसो

तिकीट तीन हजार पेसो, नाहुएल फुकट.
बोटवाला ओरडून सांगत होता:
डावीकडे नौदलाची जहाजं,
उजवीकडे समुद्रसिंह, फोटो काढून घ्या.
आईने एका हाताने टोपी धरली, दुसऱ्याने नाहुएलला;
त्याचं तोंड हिरवं पडत चाललं होतं.

बाबा मात्र क्रेनकडेच बघत राहिले.
धक्क्यावरून तांब्याचे पत्रे
वर चढत होते,
पट्टीने आवळलेले, वह्यांच्या गठ्ठ्यांसारखे.

"आपलंच," ते म्हणाले. कुणाला, कळलं नाही.

एकवीस वर्षं डोंगराच्या पोटात,
आणि तांबं असं उन्हात
त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"कुठं चाललंय?" मी विचारलं.
बोटवाल्याने खांदे उडवले.

बाबांनी हात हलवला,
थोडासाच,
मग कुणी पाहिलं का ते बघून
खिशात घातला.