खांड

गोठिवलीचे हाशा बाळ्या मढवी, वय एकाहत्तर,
डावी बाजू गेलेली, बेड क्रमांक नऊ.
ऐरोलीच्या या वॉर्डात रात्री तीनच आवाज:
पंखा, कुणाचा तरी कफ,
आणि दर दोन तासांनी चार्टवर फिरणारं माझं पेन.
दहाला उताणे. बाराला उजवी कूस.

परवा पेपर. पेशीची इजा, दहा गुण.
सलाइनच्या रिकाम्या बाटलीला टेकवून पुस्तक उघडं
आणि मी पुटपुटते आहे:
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
तीन बाहेर, दोन आत,
रक्त पोचलं नाही की प्राणवायू नाही,
प्राणवायू नाही की पंप थांबतो,
मीठ आत शिरतं, मिठामागून पाणी,
पेशी फुगते.

"काय मीठ मीठ करतंस पोरी,"
अर्ध्या तोंडातून आलेलं, अर्धं उशीवर सांडलेलं.
"मीठ आमाला इचार."

मग थांबत थांबत सांगत राहिले.
बांधाच्या पलीकडे मिठागर, अलीकडे भात.
भरतीला उघाडी लावायची, ओहोटीला काढायची.
आत गोडं पाणी, बाहेर खारं,
मधे चिखलाची भिंत आणि एक जागा माणूस.
आणि तो झोपला तर?
"तं काय. खांड परते. भात उभ्या उभ्या मरतं.
दोन दीस हिरवंच दिसतं."

मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
पेशी आधी मरते, दिसतं नंतर.
हे छापलेलंही आहे, तिथेच, चार ओळी वर.
पण तिथे भात नव्हतं.

"पन एका रातीन नाय फुटत बांध,"
डोळे मिटता मिटता म्हणाले,
"पयले खेकरा बील पारतो."

दोनला गावित सिस्टर आल्या.
दोघींनी मिळून कूस फिरवली, त्यांनी टॉर्च धरला.
"दाब."
माकडहाडावर बोट दाबलं, सोडलं, मोजत राहिले.
लाली पांढुरकी होऊन परत आली तर ठीक,
झालीच नाही तर समजायचं.
मला लालीच दिसेना.
चाळीस उन्हाळे मिठाच्या पांढऱ्या झळीत
वाकून काढलेली ती पाठ, काळी, पाटासारखी.

"पुस्तकातली कातडी गुलाबी असते गं,"
सिस्टर म्हणाल्या, नवापूरकडच्या त्या, माझ्याहूनही सावळ्या.
"आपल्या माणसांना डोळ्यांनी नाही बघायचं.
हात पालथा कर."

पालथा केला.
रुपयाएवढ्या जागेत ऊब, भोवतीपेक्षा जास्त,
आणि आत काहीतरी घट्ट, कच्च्या पेरूसारखं.
बीळ.

"चोळू नकोस. तीस अंशात कलतं ठेव, उशी इथे, टाच अधांतरी.
अजून परत फिरता येईल त्यांना,"
त्यांना म्हणजे हाशाबाबांना की पेशींना, कळलं नाही.
मग चार्ट उचलून: "बाराला कूस बदललीस ना?"

बाराच्या रकान्यात माझी सही होती.
उजवी कूस, सुवाच्य अक्षरात.
बाराला मी मीठ पाठ करत होते.
बाराला ते बोलत होते, आणि मला वाटलं,
इतकं छान बोलतायत, कशाला हलवायचं.
चार तास. दहा ते दोन.
गादी आणि हाड यांच्या मधे
तो सगळा वेळ कुणीतरी
तीन बाहेर, दोन आत करत दमत गेलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

सिस्टर ओरडल्या नाहीत. पेन पुढे केलं.
"खोडताना आडवी रेघ एकच.
खालचं वाचता आलं पाहिजे."

मी एकच मारली.
शेजारी खरं लिहिलं, वेळ टाकली, पुन्हा सही.
ही सही जरा वाकडी आली.

साडेतीनच्या सुमारास बाबा झोपेत पुटपुटले,
"उघारीवर कोन हाय?"
त्या जागी आता काचेच्या इमारती आहेत,
रात्रभर उजेड असतो त्यांच्यात.
ते मी सांगितलं नाही.
चारला अजून पंचवीस मिनिटं होती.
पुस्तक मिटलं नाही, नुसतं सरकवलं,
आणि उभीच राहिले.