साखरेची हातोडी

तुझ्या बाबांची साखर सुटली, तामो.
सुटली म्हणजे मेक्नेसच्या डॉक्टरीणबाईंनी सोडवली,
कागदावर लाल रेघ ओढून.
"चहात किती घालता?" तिनं विचारलं,
तर ह्यांनी दोन्ही हात फाकवून दाखवले,
मासा केवढा सापडला ते सांगावं तसे.

जांभळ्या कागदातली उंच ढेप
मी त्याच संध्याकाळी रकियाला देऊन आले.
पितळी हातोडी तेवढी राहिली फडताळात,
पाहुणा विसरून गेलेल्या छत्रीसारखी.

चहा तोच, छर्‍यांसारखा वळलेला, हिरवा.
पहिलं पाणी पेल्यात काढून ठेवायचं,
दुसरं खळबळून ओतून द्यायचं,
मग पहिलं परत किटलीत.
इतकं सगळं तेच. फक्त पुढे काय टाकायचं
यावरून आमचं रोज वाजायला लागलं.

पुदिना मूठभर वाढवला.
"कुरणात तोंड घातल्यासारखं वाटतं."

लुईझाची वाळली पानं टाकली,
लिंबाच्या वासाची, झोप आणणारी.
"झोप कोणी मागितली? मी चहा मागितला."

साल्मियाची पानं, मांजराच्या कानासारखी लवदार,
घशाला बरी म्हणून.
"घसा ठणठणीत आहे माझा.
सुतकात आहे ती जीभ."

दालचिनी उकळली. आलं ठेचलं.
तीस वर्षं देवदारांच्या घाटात बस चालवलेला माणूस,
गोडासाठी माझ्याशी
बिनतिकिटाच्या प्रवाशासारखा हुज्जत घालायचा.

संत्र्याच्या फुलांचं पाणी टाकलं चार थेंब.
पेला नाकाशी नेला आणि गप्प झाले.
मग म्हणाले, "हा आपल्या लग्नातला वास.
हा असा रोज नको काढूस."

तू तालियुइनहून पाठवलेल्या केशराच्या
सात काड्या मोजून टाकल्या.
खिडकीपाशी पेला धरून उजेडात बघत राहिले.
"दिसायला फार गोड आहे," म्हणाले,
आणि ठेवून दिला.

तुला सांगते, कोणाला बोलू नकोस,
एका शुक्रवारी मी चमचाभर मध घातला, चोरून.
पहिल्या घोटाला त्यांना कळलं.
ते काही बोलले नाहीत, मीही नाही.
तीन पेले प्यायले.
सकाळी बोटाला सुई टोचली
तेव्हा त्या मेल्या यंत्रानं चहाडी केली.

मग बर्फ पडला.
पुदिना गारठून काळा झाला,
अझ्रूच्या बाजारात उरली ती नुसती शीबा,
राखेच्या रंगाची, दवण्याच्या कुळातली,
हात लावला तरी बोटं दिवसभर कडू.
माझी आई म्हणायची, एक काडी औषध,
दोन काड्या डोकेदुखी,
तिसरी तोडायचीच नाही, आणि रोज तर मुळीच नाही.
मी एकच टाकली.
किटली खांद्याइतकी उंच नेऊन धार सोडली,
फेस आला, त्यालाही थोडी राखाडी झाक.

हे प्यायले.
चेहरा असा आवळला की मिशी दिसेना.
मी उत्तर तयार ठेवून उभी.

"हा बरा आहे," म्हणाले.
"गोड असल्याचं सोंग तरी करत नाही."
आणि पेला पुढे केला, दुसर्‍यांदा.

बाकीच्या दिवशी आता लुईझा चालते,
कुरकुर चालते,
कधी केशराच्या दोन काड्या, नुसत्या बघायला.

काल दुपारी मात्र ठक्, ठक्, ठक्.
पिठाच्या हातांनी रकिया धावत आली,
"तूदा! पुन्हा ढेप फोडायला बसलात?"
उंबर्‍यात बसून हे अक्रोड फोडत होते,
नाकावर चश्मा, मांडीवर फडकं,
पितळी डोक्याला सालीचं काळं लागलेलं.
एकेक गर अख्खा काढायचा हट्ट,
तुटला की स्वतः खायचा, म्हणून बरेच तुटत होते.

रकियाला बसवलं, पेला दिला.
तिनं घोट घेतला, इकडेतिकडे बघितलं,
हळूच विचारलं, "साखर?"

"तुझ्याच घरी आहे," हे म्हणाले,
आणि पुढचा अक्रोड फोडला.