पावती

सरकारने सांगितलं, आधी झाडं लावा.
म्हणून बाल्खाश सरोवराच्या या टोकाला,
जिथे इली नदी बोटं फाकवून पाण्यात शिरते,
एप्रिलच्या चिखलात गुडघाभर उतरून
आम्ही जिदे लावली, वाळुंज लावली.
झाडांमागून हरणं आली,
ट्रकमधून, डोळ्यांवर फडकी बांधलेली.
हरणांमागून रानडुकरं, ती आपली आपण.
त्यांच्यामागून ज्याने यायचं
तो अजून कागदावर आहे.
माझ्या जन्माआधीपासून
तो कागदावरही नव्हता.

माझं काम कॅमेरे बांधण्याचं
आणि वस्त्या-वस्त्यांतून भरपाईचा अर्ज समजावण्याचं:
गाय गेली तर सही कुठे, घोडा गेला तर रकाना कोणता,
फोटो किती तासांत, दात कुठे लागले.
लोक हसतात.
बिबिगुल आपा म्हणाली,
"न आलेल्या पाहुण्याच्या खरकट्याचा हिशेब
आजच मांडतेस का गं?"
आणि माझ्या चहात दूध जरा जास्तच ओतलं.

कापारबेक हसला नाही.
अर्ज उलटा केला, सुलटा केला,
शिक्क्यावर अंगठा फिरवला,
उठून आत गेला.
लोखंडी पेटी करकरली. मग बराच वेळ काहीच नाही.
बाहेर येऊन त्याने माझ्यापुढे ठेवली
घड्यांवर फाटत आलेली एक पावती:
नर, एक. कातडे जमा. इनाम रोख दिले.
खाली त्याच्या आजोबांचा अंगठा
आणि शिक्का.

"तेव्हाही सरकारनेच सांगितलं होतं," तो म्हणाला,
"बोरूची रानं साफ करा, शेतं यायची आहेत.
म्हातारा हुकमाचा ताबेदार.
त्या पैशांत माझ्या आईचं लग्न झालं.
म्हणजे मी कुणाचं देणं लागतो, पोरी?
आहे का तुझ्या अर्जात रकाना?"

नव्हता.
पण माझी नजर कोपऱ्यातल्या
फिकट अक्षरांवर अडकली होती:
काराशोकी, तिसरा ओढा, जुन्या जिदेखाली.
राजधानीतले तज्ज्ञ दोन हिवाळे विचारत होते
तो नेमका राहायचा कुठे.
कुणी लिहूनच ठेवलं नाही, म्हणायचे.
ठेवलं होतं. खजिनदाराने.

तो घोड्यावर, मी मागून जीपमध्ये.
जीप रुतली. मग मीही त्याच्या पाठीमागे, त्याच घोड्यावर.
आमच्या भाषेत जोल म्हणजे वाट
आणि पट्टा म्हणजेही जोल.
जोल्बारिस हा शब्द शाळेत मी कितीदा गिरवला,
वाघाच्या चित्राखाली.
आता दुपार कलली होती, दोन्हीकडे डोक्यावर बोरू,
आणि त्यांच्या सावल्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर,
म्हाताऱ्याच्या कोटावर, माझ्या मनगटांवर
पट्टे ओढत चालल्या होत्या.
आम्ही दोघंही बोललो नाही.

जुनं जिदेचं झाड उरलं नव्हतं.
बुंधा होता, आणि कडेने फुटलेले चार कोंब.
ओढ्यात पाणी नव्हतं.
वर धरणावर कुणी चावी फिरवेल तेव्हा येईल.
त्यासाठीही एक अर्ज गेलेला आहे.

कॅमेरा बुंध्याला बांधला, महिन्याने कार्ड काढलं.
वारा. वारा. डुक्कर. वारा. एक कोल्हा, मागे वळून बघणारा.
आणि पहाटे पाच चाळीसला
कापारबेक.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.
टोपी काढून हातात धरलेली,
तोंड उघडं,
समोर बोरूची भिंत.
आमचे कॅमेरे आवाज टिपत नाहीत.

तक्ता भरावा लागतो: प्रजाती, संख्या, येण्याचं कारण.
मी लिहिलं, माणूस, एक.
पुढे पेन थांबलं.
येरमुखान साहेब खांद्यावरून डोकावले,
"त्यात काय, लिही की, गुरं शोधत होता."

त्याच्याकडे गुरं नाहीत.
गेल्या हिवाळ्यात शेवटची गाय त्याने विकली.