नऊ मार्चपर्यंतचं सगळं

डंडीत नोव्हेंबरात चारलाच दिवे लावावे लागतात.
दुकानातल्या कॅलमने डिस्क कानाशी धरली,
कलिंगड वाजवून बघावं तशी,
आणि म्हणाला, गेली.
मग विचारलं, बॅकअप?
म्हटलं, असेल बहुतेक. कुठेतरी.

कुठेतरी म्हणजे शिवणाच्या डब्यात,
बटणांखाली, काळ्या पाऊचमध्ये,
वर चिकटपट्टी, सुधन्वाच्या अक्षरात:
९ मार्च २००८.
तो बरण्यांनाही तारखा घालायचा.

रात्रभर चालू होतं.
निळी पट्टी डावीकडून उजवीकडे,
टे नदीच्या पुलावरच्या मालगाडीसारखी, मध्येच थांबत.
सकाळी अकरा हजार चारशे सहा पत्रं,
सगळी ठळक अक्षरात,
सगळी न वाचलेली.
गॅसची बिलं, विद्यापीठाच्या मीटिंगा,
कुणाच्या तरी बारशाचे अठ्ठावीस फोटो
(ते मूल आता दाढी करत असेल),
आणि मधेमधे, यामिनी कर्णिक.
यामिनी कर्णिक. यामिनी कर्णिक.

तिला मी पुसलं होतं.
त्या एप्रिलात. एकेक करून नाही,
नावावरची सगळी निवडून, एका बोटाने,
मग कचरापेटी रिकामी केली,
मग भांडी घासली.
काय झालं ते सांगण्यासारखं नाही,
म्हणजे तेवढं मोठं नाही.
तिचं एक वाक्य, माझी दोन.
माझी जास्त धारदार होती.
तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

बॅकअपला यातलं काहीच माहीत नाही.
त्याच्या लेखी आज नऊ मार्च, रविवार,
आणि आमचं बरं चाललंय.

पत्र उघडलं तर आत डॉलर, कंस, उद्गारचिन्हं,
मध्येच एखादं कॅपिटल अक्षर,
उगाच ओरडल्यासारखं.
युनिकोड आलं तरी यामिनी
त्या जुन्या फाँटलाच धरून होती,
आणि तो आता कुठे मिळतो?
कॅलम फोनवर म्हणाला, करप्ट झालंय, सॉरी.
करप्ट नाही रे बाबा. मराठी आहे.

दुपारी सुचलं.
तो फाँट मीच तिला दिला होता,
निघायच्या आदल्या रात्री, फ्लॉपीवर,
कुठल्या बटणाने कुठलं अक्षर, तक्ता करून.
पहिली वेलांटी अक्षराच्या आधी द्यायची.
तिला ते कधीच जमलं नाही,
तिच्या वेलांट्या कायम
पुढच्याच अक्षराला लटकायच्या.

डोळ्यांना काही आठवेना.
म्हणून कीबोर्डवर हात ठेवले
आणि पडद्यावरचं ते सगळं
जसंच्या तसं टाइप करत गेले, हळू,
बोटांना विचारत.
हा ळ. हा अनुस्वार. हा बहुतेक ठ.
बाजूच्या वहीत उतरवत.

सगळ्यात शेवटचं, आठ मार्चचं, छोटंसं:
जिन्यात पाय मुरगळला,
खालच्या मजल्यावरचे दिघे बँडेज बांधून गेले,
गाठ मात्र मिठाईच्या खोक्यासारखी.
आणि मग,
आंबेहळदीचं लोणचं घातलंय.
तिकडे कुणी येणारं असलं तर कळव.
दोन बरण्या ठेवते,
एक वाटेत गळली तर दुसरी.

वहीत हे माझ्या अक्षरात होतं,
तिच्या चुकलेल्या वेलांट्यांसकट.
सुधाराव्यात असं वाटलं नाही.

पडद्यावर एक चौकट कधीची उभी आहे:
जुनं आणि नवं एकत्र करायचं,
की जुनं वगळायचं?
मी चहा ठेवला. उतू गेला. परत ठेवला.
इतक्या वर्षांत लोणचं
मुरलं असेल की नासलं?
सुधन्वा असता तर म्हणाला असता,
इथून काय विचारतेस,
झाकण उघड, वास घेऊन बघ.