वीस पावलं

वादळानंतर नवव्या दिवशी मिग्दालियाने
उतुआदोच्या दुकानात मधला जनरेटर मागितला.
"मोठा न्या," दुकानदार म्हणाला.
तिने जुन्या पावतीमागची बेरीज पुढे केली:
फ्रिज, त्यात आईचं इन्सुलिन. एक पंखा. एक दिवा.
फ्रिज सुरू होताना घेतो तो हिसकाही धरलेला.
टीव्ही खोडलेला.

घरी भुरभुर पाऊस. मेहुणा म्हणाला, ओसरीतच ठेवू,
चोर फिरतायत.
तिने साखळी उचलली आणि मोजत निघाली,
वीस पावलं, नीरफणसाच्या बुंध्यापर्यंत.
धुराचं तोंड दरीकडे.
वर पत्रा, बाजू उघड्या.

मागच्या वादळात एलिउदने स्वयंपाकघरात लावला होता,
खिडक्या बंद करून.
त्या धुरातल्या विषाला वास नसतो.
सकाळी त्यांचं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

नऊला पेट्रोल संपलं. मेहुणा कॅन घेऊन उठला.
"निवू दे आधी."
मग आम्ही अंधारात बसून राहिलो,
तापलेल्या लोखंडाची टिकटिक ऐकत.

पुन्हा सुरू झाला तेव्हा आई झोपेत कुरकुरली,
किती लांबून येतोय गं आवाज.

लांबूनच येऊ दे.