फक्त सोमवार

लर्विकची बोट अजून आली नाही.
वाऱ्याने दुकानाचं दार दोनदा उघडलं,
तिसऱ्यांदा इंगा मूअट.
काउंटरवर बिस्किटांचा डबा उपडा करते:
अकरा औषधं, त्यातली दोन नवऱ्याची.
तो जाऊन सहा वर्षं झाली.
"टाकवत नाहीत," म्हणते.

तोंड आलंय तिचं. खापर रुबार्बच्या मुरंब्यावर,
यंदा फारच आंबट झालाय म्हणे.
मी एक पिवळी गोळी बोटाने पुढे सरकवतो.
ही कधी घेता?
"रोज. चहाबरोबर. एकदाही चुकवली नाही."

सांध्यांची गोळी. आठवड्यातून एकदा घ्यायची.
हिने नऊ दिवस नेमाने घेतली.

दवाखान्यात फोन लावतो.
डॉक्टर एल्सपेथ, भली बाई,
सकाळपासून सत्तावीस पेशंट;
पडद्यावरच्या यादीत 'रोज' सगळ्यात वर,
बोट तिथेच पडलं.
आणि ती चिठ्ठी खोक्यावर डकवली मी,
खाली माझी सही.
हेही सांगतो.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.

त्याच बोटीने इंगा हॉस्पिटलात गेली.
पंधरवड्याने परतली, हडकून.

आता वार लिहिल्याशिवाय
आमचं यंत्र पुढे सरकत नाही.
यंत्रावर माझा तेवढा विश्वास नाही,
म्हणून जाड पेनाने वर लिहितो:
सोमवार. फक्त सोमवार.
तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतो.

वाचते. चष्मा काढते.
"आणि बाकीचे सहा दिवस चहाबरोबर काय?"

मुरंबा, मी म्हणतो.
त्याचा काहीच दोष नव्हता.