झाळ

झाकण फिरवलं तर आत आमटी.
पिवळट, वर तवंग,
बोटाला धरून राहणारी.
पोऱ्या वाकून बघत म्हणाला,
"तांबडा न्हाई, पांढरा न्हाई,
ह्यो कुठला रस्सा म्हनायचा?"
दस्तगीर मिस्त्री हसला नाही.
अंगठ्या-बोटात थेंब चोळला, हुंगला,
आणि विचारलं, "केवड्याला घेतलीस?"

मी आकडा सांगितला.
दहा हजार कमी करूनच सांगितला,
तरी त्याच्या भुवया वर गेल्या.

दोन हजार चारचं मॉडेल.
निपाणीच्या बाळगोंडा मगदुमानं
चावी देताना बॉनेटवर हात ठेवून सांगितलं होतं,
"कधी तापली न्हाई."
खरंही असेल.
तंबाखूची पोती, सपाटीचा रस्ता.
मी तिला पहिल्याच आठवड्यात आंबा घाटात नेली,
आणि तिसऱ्या वळणावर
काटा तांबड्यात जाऊन बसला तो बसलाच.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर
ही माझी.

उद्यमनगरात तोवर लेथ सुरू झालेले,
समोरच्या फाउंड्रीतून जळक्या वाळूचा वास.
मिस्त्रीला घाई नव्हती.
ऑइलची कांडी ओढली, पुसली, बुडवली,
पुन्हा ओढून उन्हात तिरकी धरली.
काळं. निव्वळ काळं. दुधाचा टिपूस नाही.
मग इंजिन सुरू करून
रेडिएटरच्या तोंडाशी उकिडवा बसला,
मासा लागायची वाट बघावी तसा.
बुडबुडा एक नाही.

"हेड गॅस्केट शाबूत हाय," तो म्हणाला,
आणि मी चाळीस हजारांचा श्वास सोडला.
"मग काय?"
"मग रातभर थांबायचं."

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ती आमटी भरून
त्यानं व्हाइसशेजारी ठेवली.
मी केबिनमध्ये झोपलो.
स्टिअरिंगवरचं रेक्झिन कुणाच्या तरी अंगठ्यांनी
दोन ठिकाणी झिजवलेलं,
सनशेडमागे टोलची पावती, शाई उडालेली.
रात्री दोनदा उठून बाटली बघून आलो,
दुसऱ्या वेळी पोऱ्याही तिथंच बसलेला.

सकाळी ती उलगडली होती.
वर बोटभर काळी साय.
मध्ये फिकट चहा.
तळाशी विटकरी गंज, आणि गंजावर
पिवळ्याचा एक मऊ थर.

"तेलाचा कूलर आतनं फुटलाय.
तेलाला जोर जास्त, ते पाण्यात शिरतंय."
"आणि पिवळं?"
"हळद. गळती बुजवायला टाकत्यात.
फुगून भेगंत बसती.
गिऱ्हाईक येऊन जाईस्तवर टिकती."

मगदुमाला चार शिव्या देत
आम्ही रेडिएटर उतरवला, उलटा केला.
तळाला वितभर जुनी झाळ.
मिस्त्रीनं चष्मा कपाळावरून खाली ओढला.
खिळ्यानं वरची माती खरवडली:
माशाच्या खवल्यांसारखे टाके,
सगळे उजवीकडं कललेले,
शेवटाला बारीक शेपूट.

"डावखुऱ्याची हाय," तो म्हणाला.
खिळा त्याच्या डाव्या हातात होता.

बराच वेळ फक्त लेथ ऐकू येत होता.
"कोन तर आला असंल राती.
साताऱ्यापर्यंत जाऊ दे म्हनला असंल."
मी विचारलं, "हळद पण तेव्हाचीच?"
तो पोऱ्याकडं वळला.
"जा, कपड्याची पावडर आन. आन लिंबूसत."

सात वेळा धुतला.
गटारातून हळद वाहत गेली,
पलीकडच्या वेल्डिंगवाल्यानं विचारलं,
"काय मिस्त्री, कुनाचं लगीन?"
सातवं पाणी त्यानं काचेच्या ग्लासात घेतलं,
खिडकीशी धरून ठेवलं.
हात जरा हलत होता.

जुनी झाळ वितळवून त्यानं नवी दिली.
टाके आता विरळ पडतात त्याचे.

संध्याकाळी सिगारेटच्या पाकिटावर बिल:
कूलर, होस दोन, थर्मोस्टॅट,
कूलंट हिरवं, मजुरी.
आणि खाली, झाळ,
रक्कम लिहून, खोडून,
पुन्हा लिहिलेली,
अर्धी.